फोन वाजला नाही म्हणजे

रिसीडा, ८ जून

टॅन्सी,

मंगळवारी माझी सुट्टी असते, हे तू पाठ करून ठेवलेलं दिसतंय. दर वेळी मंगळवारीच टेस्टला येतेस, लूर्देसकडून रक्त काढून घेतेस, आणि मी कशी आहे एवढंही न विचारता निघून जातेस. बुधवारी लूर्देस मला सगळं सांगते. आज म्हणाली, "तुझी पोरगी अगदी तुझ्यावर गेलीय गं. सुई टोचते मी आणि शिव्या खाते सुई." मी हसले, कारण रडण्यासारखं काही झालं नव्हतं.

मला टाळायला वार कशाला बघतेस? मी तर आतल्या खोलीत फोनपाशी असते. बाहेर येऊन तुझ्या गळ्यात पडणार नाही.

माझा नंबर तू मार्चमध्ये ब्लॉक करून बंद केलास. माझी तक्रार नाही. पण परवा क्लिनिकच्या फोनवरून तुला लावून बघितला, तर एकदाही न वाजता कट झाला. म्हणजे तू तोही बंद केलायस. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

क्लिनिकची पद्धत मी तुला शिकवायला नको. चौदा दिवसांनी टेस्ट. रिपोर्ट चांगला असला तर पहाटे नावापुढे हिरवी खूण लागते, आणि ती एकमेकांना दाखवल्याशिवाय सेटवर कुणी शर्टाचं बटणही काढत नाही. फोन वाजतो तो फक्त वाईट बातमीला, आणि तो मी करते. म्हणून इथल्या व्हॅलीतल्या आपल्या सगळ्या ब्लू फिल्मच्या धंद्यात माझा आवाज कुणालाच आवडत नाही. किराणा दुकानात मी मागून "हॅलो" म्हटलं तरी माणसं पांढरी पडतात.

तू म्हणशील, माझी खूण मी स्वतः बघते, मला फोनची काय गरज? अगं, खूण तुझ्या रक्ताची असते. फोन दुसऱ्याच्या रक्तासाठीसुद्धा येतो. तू ज्याच्याबरोबर काम केलंस त्याचा रिपोर्ट वाईट आला, तर तुझी खूण हिरवीच राहते आणि फोन वाजतो. तो वाजायला हवा.

सगळ्या कंपन्यांच्या मार्चच्या बैठकीचं म्हणशील तर मी उभी राहिले आणि म्हणाले की कोल्बीच्या कंपनीत महिनाभर जुने रिपोर्ट चालवून घेतात. ते खरं होतं. तो तुझा मित्र आहे, तुझ्याच घरात राहतो, म्हणून ते खोटं होत नाही. आता तो प्रत्येकाची खूण डोळ्यांत तेल घालून तपासतो असं ऐकते. मग माझं चुकलं कुठे? तू गाडीपाशी येऊन ओरडलीस, "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस!" आणि आपल्या धंद्यात हे वाक्य ऐकून मला हसू फुटलं. तिथेच सगळं बिघडलं, ठाऊक आहे मला.

माझा नंबर बंदच ठेव. क्लिनिकचा तेवढा उघड. पुन्हा मागणार नाही.

आई


रिसीडा, ६ जुलै

टॅन्सी,

लूर्देसने तुझा निरोप दिला. पत्रं घरी पाठवायची नाहीत, आणि "नंबरचं बघते म्हणावं." मी तिला तीनदा विचारलं, नक्की कसं म्हणाली? वैतागून की बरं म्हणून? लूर्देस म्हणाली, "दंडावर कापूस दाबून म्हणाली. आता मला कामाला लागू दे, बाई." मला 'बघते' एवढं पुरलं. दिवसभर शीळ घालत होते. समोरच्या डोनटवाल्याने विचारलं, लॉटरी लागली का?

हे पत्र लूर्देस तुझ्या पुढच्या टेस्टला हातात देईल. वाच किंवा पर्समध्ये टाक.

तू लहान असताना डार्ला आपल्याकडे यायची, आठवतं? तांबड्या केसांची, तुला नखं रंगवून द्यायची. आमच्या वेळी रिपोर्ट कागदावर असायचा. खिशात घडी घालून सेटवर न्यायचा, समोरच्याने वाचायचा. एकाने तारीख खोडून नवी टाकली आणि डार्लाने ती वाचली. नंतर त्याचं कळलं तेव्हा तिला सांगायला कुणीच नव्हतं. कुणाचं कामच नव्हतं ते. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल. तिला कळलं ते आजारी पडल्यावर. त्या काळी औषधंही धड नव्हती. म्हणून मी कॅमेऱ्यापुढून उठले तशी फोनपाशी बसले. सांगायला कुणीतरी हवं.

काय बोलायचं ते ठरलेलं असतं. नाव घेऊन म्हणायचं, "आज क्लिनिकला येऊन जाशील का? गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आण." बस. कुणाचा रिपोर्ट, काय निघालं, एक अक्षर नाही. गाडीचं वाक्य ऐकलं की पलीकडच्या माणसाला कळून चुकतं. मग मी फोन धरून बसते, तो ठेवेपर्यंत. मी आधी कधीच ठेवत नाही.

आणि एक सांगते. तू या धंद्यात आलीस याचा मला राग नाही. लोकांना वाटतं तसं काही नाही. राग याचा आहे की पडद्यावर माझं 'व्हेन' आडनाव लावतेस आणि घरी माझं एक ऐकत नाहीस. आयव्ही व्हेन! मी कोरल व्हेन होते तेव्हा निदान माझ्या आईचा फोन उचलायची. ती पलीकडून नुसती रडायची, तरी मी उचलायची.

लिंबाच्या झाडाला फार लिंबं आलीत. फुकट जातात. कधी येऊन घेऊन जा.

आई


कनोगा पार्क, ११ ऑगस्ट, गुरुवार

टॅन्सी,

तुझ्या घराखाली गाडीत बसून लिहितेय. हे बंद पाकीट कोल्बीच्या हाती देते.

क्लिनिकला ये. आज. वाचशील त्या क्षणी निघ. का ते मी लिहू शकत नाही आणि तुला लिहायची गरजही नाही, आम्ही का बोलावतो ते तुला ठाऊक आहे. हा माझा बहाणा नाही. मार्चमधल्या भांडणाशी, माझ्याशी, कशाशीच याचा संबंध नाही. मला भेटायचं नसेल तर मी इमारतीतून बाहेर जाते. लूर्देसला भेट.

काही गोळ्या असतात त्या वेळेत सुरू केल्या तर उपयोग होतो. वेळ उद्या संध्याकाळपर्यंत आहे. त्यानंतर कुठलाही डॉक्टर त्या देणार नाही.

ये गं. मग हवं तितकं भांड.

आई


ट्वेंटीनाइन पाम्सच्या पेट्रोल पंपावर, १२ ऑगस्ट, शुक्रवार दुपार

टॅन्सी,

हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही. लिहिलं नाही तर स्टिअरिंगवर डोकं आपटून घेईन, म्हणून लिहितेय.

काल सकाळी एकाचा रिपोर्ट वाईट आला. एचआयव्ही. नाव सांगणार नाही, तुला कळेलच. त्याला समोर बसवून मी विचारलं, मागच्या टेस्टनंतर कुणाकुणाबरोबर काम केलंस? तो सांगत गेला, मी लिहीत गेले. रडत होता. "माझी खूण हिरवी होती हो. हिरवीच होती." मी म्हटलं, माहीत आहे बाळा, तुझी चूक नाही. आणि शेवटी म्हणाला, "परवा मंगळवारी, व्हेन." मला वेड्यासारखं वाटलं की हा माझंच नाव घेतोय, मी तर कधीचं सोडलंय काम. मग त्याने मान वर केली. "आयव्ही व्हेन. तुमचीच मुलगी ना ती?"

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बाकी सगळ्यांना फोन लागले. सगळे आले. तुझा वाजला नाही. 'बघते' म्हणाली होतीस आणि विसरलीस, हो ना? लूर्देसने तिच्या फोनवरून लावला, तू अनोळखी नंबर उचलत नाहीस. तिने मेसेज केला, क्लिनिकला ये, तातडीचं आहे, लूर्देस. तुझं उत्तर आलं, ते तिने मला दाखवायचं टाळलं, मी हिसकावून वाचलं. "लूर्देस, तू चांगली आहेस, पण आईला सांग, क्लिनिक ही भांडणं मिटवायची जागा नाही." त्यावर तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. तोवर तू वाळवंटात पोचली असणार, तिथे फोनला रेंज नसते. ते मेसेज पोचलेच नाहीत.

कोल्बीने दार उघडलं तेव्हा मला शिव्या खायची तयारी होती. त्याने आत बोलावलं. "या ना, उन्हात कशाला उभ्या? थंड काही देऊ?" मार्चनंतर माझ्याशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं. म्हणाला, "टॅन्सी मैत्रिणीबरोबर जोशुआ ट्रीच्या वाळवंटात गेलीय, कुठल्या केबिनमध्ये ते नाही विचारलं मी. रविवारी येईल." मी म्हटलं, तिला आज क्लिनिकला यायला हवं. तो गोंधळला. फोन काढून तुझी खूण माझ्यापुढे धरली. "हे बघा, हिरवी आहे. मी आता सगळ्यांच्या तपासतो. तुम्हीच तर शिकवलंत."

टॅन्सी, त्या दारात मी तोंड उघडलं असतं तर? चार शब्द पुरले असते. पण मग त्याने दहा जणांना फोन केले असते, आणि काल माझ्यासमोर रडलेल्या त्या मुलाचं नाव संध्याकाळपर्यंत अख्ख्या व्हॅलीत पसरलं असतं. आणि पुढच्या वेळी कुणी आमच्याकडे खरी नावं सांगितली नसती. लोक टेस्टला येतात कारण मी तोंड उघडत नाही. इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले. तर मी पाकीट दिलं आणि म्हटलं, ती येईल तेव्हा दे, त्याआधी बोलणं झालं तर म्हण, आई म्हणाली लगेच फोन कर. तो म्हणाला, "देईन. पण तुम्हाला खरं सांगू? तिने मला बजावलंय, आईची पत्रं माझ्यापुढे आणू नकोस." बिचारा अगदी खजील झाला होता.

आज सकाळपासून या वाळवंटात तुझी पिवळी गाडी शोधतेय. प्रत्येक कच्च्या रस्त्यावर वळते, केबिन दिसली की उतरते. एका म्हाताऱ्याने बंदूक घेऊन विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, मुलगी. त्याने पाणी दिलं. इथे इतक्या केबिनी आहेत, टॅन्सी. लोकांना एवढं काय पळून येण्यासारखं असतं?

ऊन उतरायला लागलंय. अजून दोन रस्ते बघते.


रिसीडा, १६ ऑगस्ट

टॅन्सी,

काल लूर्देस तुझ्या दारात उभी राहिली, मला खाली गाडीत बसवून. तिने मला शपथ घातली होती, वर यायचं नाही. मी आले नाही. खिडकीतून तुझा आवाज येत होता, शब्द नव्हते.

ती खाली आली आणि गाडीत बसून आधी तिनेच रडून घेतलं. मग सांगितलं.

तू म्हणालीस, कुणाचातरी रिपोर्ट वाईट आला म्हणून सगळं शूटिंग बंद झाल्याचं तुला शुक्रवारीच कळलं होतं. तुझ्या मैत्रिणीला डोंगरावर चढून कुणाचातरी मेसेज मिळाला होता. तिने विचारलं, "तू तर नाहीस ना त्यात?" आणि तू म्हणालीस, "छे, मला क्लिनिकचा फोन आला नाही. असते तर फोन वाजला असता." मग तुम्ही दोघींनी मक्याची कणसं भाजली.

लूर्देसने हात पुढे केला आणि म्हणाली, "फोन दाखव, राणी." तू दाखवलास. बंद केलेले नंबर तिनेच उघडले. तिथे माझा होता, आणि त्याखाली क्लिनिकचा. लूर्देस म्हणते, तू त्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पण मी तर हे... मी करणार होते." आणि खाली बसलीस, दारातच.

बस्स. मी तुला फोनवर भरवसा ठेवायला शिकवलं. तू लहान असल्यापासून ऐकत आलीस की आईचा फोन वाजला तरच भीती, नाही वाजला तर निवांत झोपा. तू तेच केलंस. मूर्खपणा नाही केलास, शिकवलेलं केलंस. मला तुझा राग येत नाही, कोल्बीचा येत नाही, त्या मुलाचाही येत नाही. राग धरायला कुणीतरी मिळालं असतं तर बरं झालं असतं. सगळे नियमाने वागले. मीसुद्धा.

पाकीट तुझ्या स्वयंपाकघराच्या खणात सापडलं म्हणे, न फोडलेलं. कोल्बी लूर्देसला सारखा विचारत होता, "मी ते द्यायला हवं होतं का? तिने नको म्हटलं होतं."

आता टेस्ट, मग पुन्हा टेस्ट. कदाचित काहीच निघणार नाही. एका वेळी लागण होतेच असं नाही. हे मी शेकडो लोकांना सांगितलंय आणि सांगताना मला ते खरं वाटायचं.

आई


रिसीडा, १ सप्टेंबर

टॅन्सी,

पहिला रिपोर्ट चांगला आला. तुला पहाटे कळलंच असेल. मी नाचू नये म्हणून लूर्देसने माझा दंड धरून ठेवला. "अजून एक बाकी आहे, वर्ना. तूच सांगतेस ना सगळ्यांना?" हो, मीच सांगते.

तू तिच्या हातून निरोप पाठवलास, "नंबर उघडला म्हणावं. आणि पुढचं काय निघेल ते, आईनेच फोन करू दे." लूर्देस म्हणाली, तसा नियम नाही, रिपोर्टचा फोन नात्यातल्याने करायचा नसतो. तू म्हणालीस, "मग नियम बदला. मला दुसऱ्या कुणाचा आवाज नकोय."

मला हे ऐकून आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. इतक्या महिन्यांनी माझी मुलगी माझा आवाज मागतेय, आणि तो कशासाठी मागतेय ते मी घरी पोचून चहा ठेवेपर्यंत विसरले होते. लिंबं पिशवीत भरून ठेवलीत.

आई


क्लिनिक, १४ सप्टेंबर, सकाळ

टॅन्सी,

आज पहाटे तुझी खूण आली नाही.

लूर्देसने रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी करते. कुणाला कळणार नाही." मी नको म्हटलं. ती दार ओढून बाहेर बसलीय. तिचे बूट दाराखालून दिसतायत, हलत नाहीत.

आधी हे लिहून घेते, कारण फोनवर मला काही बोलता येणार नाही. तिथे ठरलेलंच बोलायचं असतं.

हल्ली यात कुणी मरत नाही. रोज एक गोळी, आणि डार्लाला मिळालं नाही ते सगळं तुला मिळेल. म्हातारी होशील, माझ्यापेक्षा कजाग होशील. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही मला आत्ता पुरत नाही. ती गोळी एक महिना घेऊन सुटली असतीस. ते औषध इथे होतं, माझ्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर, कपाटात. मी किल्ली घेऊन बसले होते.

आपली ही सगळी व्यवस्था, टेस्ट, खुणा, याद्या, फोन, ती उभी करायला मी किती जणांशी भांडले. तुझ्याशीसुद्धा. ती चालली. त्या दिवशी प्रत्येकापर्यंत पोचली. यादीतल्या एकीला मात्र माझा फोन नको होता.

'गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आण' हे वाक्य मी आज म्हणणार नाही. एवढा एक नियम मोडते. तू आहेस तिथेच थांब, मी येते. पिवळी गाडी राहू दे खाली.

लिंबं माझ्या गाडीत आहेत.

आता नंबर फिरवते. मार्चपासून मी एकच धोशा लावला होता, क्लिनिकचा फोन उचल, उचल गं, माझ्यासाठी नको तर स्वतःसाठी उचल. तू उघडून ठेवलायस. वाजेल तो. आणि माझ्या मनात एकच आहे, टॅन्सी. उचलू नकोस. आज नको. नको उचलूस.

आई